दाढ ठणकेपर्यंत थांबू नका : खर्रा, चहा, राख अन् बोअरचं पाणी दातांचं काय करतं

सोयाबीनची सोंगणी सुरू असते, मजुराचा पत्ता नसतो, आणि नेमकी त्याच रात्री दाढ ठणकायला लागते. मग घरातल्या डब्यातून लवंग निघते. लवंगेने भागलं नाही तर कोणी कापूर भरतो, कोणी तंबाखूची चिमूट दाढेत दाबतो, कोणी दुखण्याची गोळी कुटून थेट हिरडीवर ठेवतो. सकाळी दुकानातून गोळ्यांची पट्टी येते. चार-पाच दिवसांनी ठणका आपोआप थांबतो आणि माणूस पुन्हा वावरात जातो.

ठणका थांबला म्हणजे दाढ बरी झाली, असं बहुतेक जण धरून चालतात. बरेचदा झालेलं असतं उलटं. दाढेच्या आत नस आणि बारीक रक्तवाहिन्यांचा एक मऊ गाभा असतो. कीड तिथपर्यंत पोचली की तो सुजतो. चारही बाजूंनी कठीण भिंत असल्यामुळे सुजेला जागाच मिळत नाही, म्हणून तो जीव घेणारा ठणका. ती नस मेली की दुखणं बंद होतं. जंतुसंसर्ग मात्र चालूच राहतो आणि मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरतो. काही महिन्यांनी, कधी वर्षाने, गाल सुजून वर येतो तेव्हा माणूस म्हणतो, "काल परवापर्यंत काहीच नव्हतं."

हिरडीवर गोळी ठेवण्याचा प्रकार तर आणखी वाईट. त्या गोळीने हिरडी आणि गालाची आतली कातडी भाजते, पांढरी पडून सोलून निघते. दुखण्याच्या गोळ्या रिकाम्या पोटी, महिना महिना खाल्ल्या तर पोटात अल्सर आणि किडनीला मार, हे वेगळंच. लवंग तेवढी चालते. तिच्या तेलाने थोडा वेळ बधिरपणा येतो, पण तो रात्र काढण्यापुरता. लवंगेने भोक बुजत नाही.

कीड म्हणजे अळी नव्हे

आठवडी बाजारात अजूनही कुठेकुठे दाताची कीड काढून देणारे बसलेले दिसतात. भुईरिंगणीचं बी विस्तवावर टाकायचं, नळीने धूर तोंडात घ्यायला लावायचा आणि मग पाण्याच्या वाटीत पांढऱ्या बारीक अळ्या तरंगताना दाखवायच्या. बघणाऱ्याला पटतं, कारण डोळ्यांसमोर घडतं. ते असतं फुटलेल्या बियांतून निघालेलं पांढरं, अळीसारखं दिसणारं. काही वेळा तर हातचलाखी असते. दातात अळी कधीच नसते. पैसे जातात ते जातात, पण "कीड निघाली" या समाधानात माणूस आणखी सहा महिने दवाखान्यात जात नाही, नुकसान खरं तिथे होतं.

खरी कीड अशी लागते. प्रत्येकाच्या तोंडात जंतू असतात. दातावर हात फिरवला की जो चिकट थर लागतो तो त्यांचाच. आपण साखर खाल्ली की हे जंतू ती साखर खातात आणि आम्ल सोडतात. हे आम्ल दाताच्या वरच्या पांढऱ्या कवचातला, म्हणजे इनॅमलमधला, चुना विरघळवतं. इनॅमल हा शरीरातला सगळ्यांत कठीण पदार्थ, हाडापेक्षाही कठीण. पण हाड मोडलं तर जुळतं, इनॅमलला मात्र पुन्हा उगवता येत नाही. लाळ थोडीफार दुरुस्ती करते, खनिजं परत चढवते. त्यासाठी तिला वेळ लागतो, अर्धा-पाऊण तास तरी.

किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे दाताच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं, ते याच कारणाने. लग्नात एकदा बसून चार जिलब्या खाणारा एकदाच मार खातो. पण सकाळी उठल्याबरोबर चहा, नऊला चहा-बिस्किट, वावरात किटलीतला चहा, दुपारी चौकात एक कट, पाहुणा आला की पुन्हा अर्धा, असं ज्याचं चालतं त्याच्या लाळेला दुरुस्तीला वेळच मिळत नाही. आपल्याकडचा चहा कसा असतो हे सांगायची गरज नाही. कपात दोन चमचे साखर सहज असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेल्या सल्ल्यात वरून घातलेली साखर दिवसाला साधारण २५ ग्रॅम, म्हणजे सहा चमच्यांच्या आत असलेली बरी, असं म्हटलं आहे. तीन कप चहात आपला दिवसाचा वाटा संपतो. चहा सोडा असं शेतकऱ्याला सांगणं म्हणजे हसं करून घेणं. पण दिवसाचे दोन कप कमी करणं, साखर एक चमचा करणं आणि चहा झाला की पाण्याने खळखळून चूळ भरणं, एवढं जमण्यासारखं आहे.

सहा वर्षांची दाढ

लेकराच्या बाबतीत दोन चुका घरोघरी होतात. पहिली, साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात देऊन झोपवणं. झोपेत लाळ कमी होते आणि दूध समोरच्या दातांभोवती तसंच साचून राहतं. दोन-अडीच वर्षांच्या पोराचे वरचे समोरचे दात काळे, झिजलेले दिसतात ते बहुतेक यामुळेच. रडू नये म्हणून चोखणीला मध किंवा साखर लावणंही त्यातलंच. चहात बुडवलेलं बिस्किट हा तर अनेक घरांत लेकराचा रोजचा नाष्टा झाला आहे.

दुसरी चूक जास्त महागात पडते. दुधाचे दात वीस असतात आणि ते पडून नवे येतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी मोठी दाढ येते, खाली दोन, वर दोन. ती कोणताही दात न पडता गुपचूप येते. म्हणून आईबापांना वाटतं, हीसुद्धा दुधाचीच. किडली तर "पडून जाईल, दुसरी येईल" म्हणून सोडून देतात. ती दाढ कायमची आहे, तिच्या जागी दुसरी येत नाही. पहिलीत जाणाऱ्या पोराचं तोंड एकदा उजेडात उघडून बघा, सगळ्यात मागची दाढ हीच. तिच्या खाचेत काळा ठिपका दिसला तर त्याच वेळी दाखवलं तर साधं सिमेंट भरून भागतं.

दुधाचे दातही असेच सोडून द्यायचे नसतात. ते खालच्या नव्या दाताची जागा राखून ठेवतात. वेळेआधी काढले की शेजारचे दात सरकतात आणि नवा दात वाकडा येतो.

राख, कोळसा आणि कडक ब्रश

चुलीची राख, वाटलेला कोळसा, विटेची भुकटी, जाडं मीठ. म्हाताऱ्या माणसांनी आयुष्यभर हेच वापरलं आणि त्यांचे दात टिकले, असं लोक सांगतात. त्या माणसांच्या खाण्यात साखर किती होती, बिस्किटं किती होती, हे मात्र कोणी मोजत नाही. राखेने दात चमकतात हे खरं, पण ते भांडं घासल्यासारखं आहे. दरवेळी थोडं इनॅमल खरवडून निघतं. पुढे आतला पिवळसर थर उघडा पडतो आणि थंड पाणी लागलं की कळ जाते.

कडुनिंबाची काडी वाईट नाही. टोक नीट चावून कुंचा केला आणि हलक्या हाताने फिरवला तर समोरचे दात साफ होतात. अडचण मागच्या दाढांची. तिथे आतल्या बाजूला काडी पोचत नाही, आणि कीड लागते ती तिथेच. म्हणून काडी वापरणाऱ्याने रात्री तरी ब्रश करावा. रात्रीचं घासणं सकाळपेक्षा मोलाचं आहे, कारण झोपेत लाळ आटते आणि जंतूंना मोकळं रान मिळतं. ब्रश मऊ घ्यावा. जोर लावून आडवा घासला तर हिरडीजवळ दाताला खाच पडते, कुऱ्हाडीने घाव घातल्यासारखी. चिंच, लिंबू, कच्ची कैरी खाल्ल्यावर लगेच ब्रश करू नये. आम्लाने इनॅमल नरम झालेलं असतं, अर्धा तास जाऊ द्यावा आणि तोवर चूळ भरावी.

खर्रा

विदर्भात दातांचा विषय खर्ऱ्याशिवाय पुरा होत नाही. सुपारीचे तुकडे, तंबाखू, चुना आणि कात पन्नीत घालून घोटायचा, पुडी खिशात ठेवायची, दिवसभर थोडा थोडा गालात धरायचा. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण पानठेल्यावर घोटण्याचा आवाज कोणत्याही चौकात ऐकू येतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातल्या जवळपास दर चार मोठ्या माणसांपैकी एक जण बिनधुराची तंबाखू खाताना आढळला होता. शाळकरी पोरांच्या दप्तरात पुडी सापडते, हे गावातल्या कोणत्याही मास्तरांना विचारा.

"तंबाखूने दात मजबूत राहतात, हिरडीतून रक्त येत नाही," हे पानठेल्यावरचं आवडतं वाक्य. रक्त येत नाही हे बरोबर आहे, पण त्याचं कारण वेगळं आहे. तंबाखूतलं निकोटीन रक्तवाहिन्या आकसवतं. हिरडी आतून सडत असली तरी बाहेर रक्त दिसत नाही, दुखणं जाणवत नाही. धोक्याची घंटा बंद करून ठेवल्यासारखं आहे हे. ज्या जागी पुडी धरली जाते तिथली हिरडी हळूहळू खाली सरकते, मूळ उघडं पडतं, आणि एक दिवस भाकरीचा तुकडा तोडताना दात हलतो. कडक सुपारी चावून दाढांचे उंचवटे घासून सपाट होतात, कधी दाढ उभी चिरते.

पण खर्ऱ्यात सगळ्यात जास्त घात करते ती सुपारी. तंबाखू वाईट, सुपारी निरुपद्रवी, असं समजून कित्येक जण तंबाखू सोडून नुसत्या सुपारीवर येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच नुसती सुपारीही माणसात कॅन्सर करते, असं जाहीर केलेलं आहे. सुपारीतल्या द्रव्यांमुळे गालाच्या आत कडक तंतू साचत जातात. गाल रबरासारखा असायचा तो चामड्यासारखा होतो. पहिली खूण म्हणजे तिखट झोंबायला लागतं. जो माणूस हिरवी मिरची कचाकचा खायचा तो साध्या वरणालाही "तिखट झालं" म्हणायला लागतो. मग गाल आतून पांढुरका दिसतो. मग तोंड उघडणं कमी होत जातं.

याची तपासणी घरी एका मिनिटात होते. आपल्याच हाताची मधली तीन बोटं एकावर एक उभी धरून समोरच्या दातांमध्ये घालून बघायची. मोठ्या माणसाची तीन बोटं सहज जायला हवीत. दोनच जात असतील तर आजार बराच पुढे गेलेला आहे. पाणीपुरी तोंडात मावत नाही, घास बारीक करून घ्यावा लागतो, अशी पंचविशीतली पोरं आज गावोगावी आहेत. एकदा आखडलेलं तोंड पूर्ण पहिल्यासारखं होत नाही. खर्रा बंद केला, औषधं आणि तोंडाचे व्यायाम केले तर पुढे आखडणं थांबू शकतं, थोडं उघडतंही. चालू ठेवला तर यातल्या काही जणांना पुढे तोंडाचा कॅन्सर होतो. आणि त्याची तपासणी करायला डॉक्टरांना तोंडच उघडून मिळत नाही, ही आणखी एक अडचण.

गालात, जिभेच्या कडेला किंवा हिरडीवर न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, गिळताना अडकल्यासारखं होणं, मानेला न दुखणारी गाठ. यातलं काहीही दिसलं तर दुखत नाही म्हणून थांबायचं नाही. सुरुवातीचा कॅन्सर दुखतच नाही. लवकर सापडला तर छोट्या शस्त्रक्रियेत निभावतं. उशीर झाला तर अर्धा जबडा जातो.

सोडायचं म्हटलं तर पहिले तीन-चार दिवस चिडचिड होते, डोकं दुखतं, झोप लागत नाही, काही आठवड्यांत ते ओसरतं. केंद्र सरकारची तंबाखू सोडण्यासाठीची फोन सेवा आहे, १८००-११-२३५६ हा तिचा फुकट क्रमांक. मोबाईलवरून लागतो.

बायांचं दुखणं मागेच राहतं

पुरुष पानठेल्यावर दिसतात म्हणून त्यांची चर्चा होते. घराघरांत बाया नस, मिश्री किंवा गुडाखू घासतात, ते कोणाच्या नजरेत येत नाही. सुरुवात बहुधा दात दुखला म्हणून होते. सासू किंवा शेजारीण म्हणते, थोडी लावून बघ. बधिरपणा आला की बरं वाटतं, आणि मग दिवसातून चार-पाच वेळा लावल्याशिवाय काम सुचत नाही. ती दात घासण्याची भुकटी नाही, ती तंबाखूच आहे, हिरडीवाटे रक्तात जाणारी. दातांच्या पेस्टमध्ये, मंजनात तंबाखू घालायला सरकारने १९९२ सालीच बंदी घातली आहे. मुंबईत गर्भवती बायांवर झालेल्या आणि २००४ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात तंबाखू खाणाऱ्या-लावणाऱ्या आयांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं होतं. त्यातल्या बहुतेक जणी मिश्रीच लावत होत्या.

गरोदरपणात हिरड्या सुजतात, रक्त येतं, ते शरीरातल्या बदलांमुळे. बाळ आईच्या दातातला चुना ओढून घेतं, ही समजूत चुकीची आहे. उलट्या होतात तेव्हा पोटातलं आम्ल दातावर येतं. लगेच ब्रश न करता चूळ भरावी. आणि गरोदर बाईच्या दाताला हात लावायचा नाही, हेही खरं नाही. चौथ्या ते सहाव्या महिन्यात बहुतेक उपचार नीट होतात, फक्त डॉक्टरांना आधी सांगायचं.

हापशीचं पाणी आणि पिवळे पट्टे

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत पोरांच्या दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे किंवा तपकिरी डाग दिसतात. आई पोराला रागावते, नीट घासत नाहीस म्हणून. पोर घासून घासून थकतं, डाग जात नाही. कारण तो डाग वरून लागलेला नाही, तो दात तयार होतानाच आत बसला आहे. जमिनीतल्या खडकातलं फ्लोराईड बोअरच्या पाण्यात उतरतं आणि वयाच्या साधारण आठ वर्षांपर्यंत, दात हिरडीखाली घडत असताना, ते पाणी पोटात गेलं की असं होतं. वर्षानुवर्षं तेच पाणी प्यायलं तर मोठ्यांची हाडं, गुडघे, कंबरही आखडते.

पिण्याच्या पाण्यात लिटरमागे एक मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराईड चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत. चव, रंग, वास यांवरून काही कळत नाही. पाणी उकळून फ्लोराईड जात नाही, उलट पाणी आटून प्रमाण थोडं वाढतं. तुरटी आणि चुना वापरून ते काढण्याची नालगोंडा पद्धत नागपूरच्या नीरी संस्थेने शोधलेली आहे, पण तिचं प्रमाण पाणी तपासूनच ठरतं, घरी अंदाजाने तुरटी टाकू नये. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीचं किट वापरायला शिकवायचं आहे. आपल्या गावात त्या कोण, किट कुठे आहे, आणि हापशीचा शेवटचा निकाल काय होता, हे ग्रामसभेत विचारता येतं. एका बोअरला जास्त निघालं म्हणजे गावातल्या सगळ्याच बोअरला असेल असं नाही. कित्येकदा जुन्या उघड्या विहिरीचं पाणी या बाबतीत चांगलं निघतं. पेस्टमधलं फ्लोराईड मात्र दाताला फायद्याचं, ते गिळायचं नसतं एवढंच. तीन वर्षांखालच्या लेकराला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, त्यावरच्याला वाटाण्याएवढी.

दात म्हणजे पकड नव्हे

सुतळी तोडणं, ठिबकच्या नळीचं टोक ओढणं, बियाण्याची पिशवी फाडणं, बाटलीचं झाकण काढणं, ही कामं दाताने करणारे वावरात जागोजाग आहेत. औषधाची पुडी दाताने फोडणाऱ्याला तर दात तुटण्यापेक्षा विषबाधेची भीती जास्त. खिशात एक चाकू ठेवला की हे सगळं टळतं.

बैलाच्या धक्क्याने, गाडीवरून पडून पोराचा कायमचा दात मुळासकट निघाला तर तो फेकू नये. मुळाला हात न लावता वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलावा, माती लागली असेल तर स्वच्छ पाण्याने हलकेच धुवावा, घासू नये. थंड दुधात टाकून तासाभरात दंतवैद्याकडे न्यावा. बरेचदा तो परत बसतो. कागदात गुंडाळून दुसऱ्या दिवशी नेला तर बसण्याची आशा फारच कमी.

शुगर असलेल्यांनी हिरड्यांकडे वेगळं लक्ष द्यावं. शुगर वाढली की हिरड्या सडतात आणि हिरड्या सडल्या की शुगर आटोक्यात येत नाही, दोन्ही एकमेकांना धरून चालतात.

वरची दाढ काढली की डोळा अधू होतो, ही भीती मनातून काढून टाकावी. दाढेच्या आणि डोळ्याच्या नजरेच्या नसा वेगळ्या आहेत.

तालुक्याच्या बऱ्याच ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत दंतवैद्य असतात. केस पेपर काढून तिथे दात तपासणं, काढणं, भरणं होतं. कोणत्या दिवशी बसतात ते आशाताईंना विचारून जावं, नाहीतर भाड्याचे पैसे वाया जातात. मोठं काम असेल तर नागपूरला सरकारी दंत महाविद्यालय आहे. शाळेत, अंगणवाडीत आरोग्य तपासणीचं पथक येतं तेव्हा पोरांचे दातही दाखवता येतात.

मात्र गाल किंवा जबड्याखालची सूज वाढत चालली असेल, ताप असेल, तोंड उघडत नसेल, थुंकी गिळता येत नसेल किंवा श्वास अडकत असेल तर सोमवारच्या ओपीडीची वाट बघायची नाही. गरम शेक द्यायचा नाही, गोळी घेऊन झोपायचं नाही. हा दाढेतला पू मानेत उतरत असल्याचा इशारा असू शकतो. रात्र असली तरी १०८ ला फोन करून मोठं रुग्णालय गाठावं.